लोह, लोखंड, आयर्न: एका धातूची घरगुती नावे

वाचकहो, गोष्ट १९९४ च्या पावसाळ्यातली आहे. आपल्यापैकीच एका घरातली सून, दिवस गेलेले, सहावा महिना, ताप आणि कोरडा खोकला घेऊन सासूबाईंबरोबर माझ्या दवाखान्यात आली. मी तिला फेरम फॉसच्या गोळ्या दिल्या. सासूबाई चौकस. "यात काय असतं हो, डॉक्टर?" त्यांनी विचारले. शब्द उलगडून सांगण्याची मला तेव्हाही हौस होती. मी म्हणालो, "लोह आहे, काकू. फेरम म्हणजे आपलं लोखंड."

खोकला चार दिवसांत गेला, पण काकू त्या गोळ्यांची बाटली भरून नेत राहिल्या. मीही देत राहिलो, कारण त्यांनी अपाय होणार नव्हता. आठव्या महिन्यात सुनेला जिना चढताना धाप लागू लागली आणि ओठ पांढरे पडले. रुग्णालयात तपासले तर हिमोग्लोबिन ६.८. रक्त द्यावे लागले. मुलगी झाली, वजनाने कमी, पण जगली. गर्भवतींना मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या तिने मधेच बंद केल्या होत्या, हे तेव्हा कळले. मी काकूंना कारण विचारले. त्या सरळपणे म्हणाल्या, "त्यांनी पोट जड व्हायचं तिचं. आणि दोन-दोन ठिकाणचं लोखंड कशाला? तुमचं चालूच होतं की."

त्या बोलण्यात मला दोष दिलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागले. एक शब्द मी एका अर्थाने उच्चारला, त्यांनी तो दुसऱ्या अर्थाने घेतला, आणि मधल्या जागेत एका बाळंतिणीचा जीव अडकला होता. तेव्हापासून या शब्दाच्या मागे लागलो आहे. मी भाषेचा पंडित नाही. जे सापडले ते घरच्या माणसांना सांगावे तसे सांगतो.

'लोह' हा शब्द मुळात लोखंडाचा नव्हेच. त्याचे नाते 'लोहित', 'रोहित' या शब्दांशी, म्हणजे तांबड्या रंगाशी. आरंभी तो तांबूस धातूला, तांब्याला लागत असे. पुढे कोणत्याही धातूला लागू लागला. पंचलोहाची मूर्ती म्हणतात तेव्हा तिच्यातले पाचही धातू 'लोह'च असतात. त्याहून जुना शब्द 'अयस्'. लोखंड नव्याने हाती आले तेव्हा त्यासाठी वेगळे नाव नव्हते, म्हणून काळे अयस् आणि तांबडे अयस् असा भेद करावा लागला. लॅटिन भाषेत तांब्या-कांशाला जो शब्द आहे तो याच अयस्‌चा भाऊबंद. बोलण्यातून अयस् केव्हाच गेला, पण वैद्याच्या पुडीत राहिला. 'नवायस' चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी, त्रिफळ्याची तीन फळे, नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक अशा नऊ वनस्पती असतात आणि तितकेच नऊ भाग लोहाचे. ते पंडुरोगावर देतात.

संस्कृतात रक्तालाही 'लोहित' म्हणतात. यावरून आपल्या पूर्वजांना रक्तातल्या लोहाचा पत्ता होता, असा शोध कोणी लावला तर त्यावर विश्वास ठेवू नका. दोन्ही शब्द रंगावरून आलेले आहेत. रक्ताचा लाल रंग आणि त्यातले लोह यांचा संबंध खरा आहे, पण तो कळला फार उशिरा.

आम्हा जैनांच्या आगमग्रंथांत लोखंडाची गाठ दोन ठिकाणी पडते. खाणीतल्या मातीत असलेले लोखंड, तांबे, शिसे, चांदी, सोने हे सारे पृथ्वीकाय जीवांमध्ये मोजले आहेत, म्हणजे तिथे धातू निर्जीव नाही. दुसरी जागा मला अधिक आवडते. भगवतीसूत्राच्या सोळाव्या शतकाच्या आरंभी (इथे शतक म्हणजे प्रकरण) लोहाराच्या शाळेचा प्रश्न आहे: भट्टीतले तापलेले लोखंड सांडशीने उचलणाऱ्या आणि ऐरणीवर ठेवणाऱ्या माणसाला किती क्रियांचा दोष लागतो? उत्तराची बारकाई बाजूला ठेवू. मला थांबवले ते शब्दांनी. प्राकृतातला 'संडासय' म्हणजे आपली सांडशी. 'अहिगरणी' म्हणजे ऐरण. 'भत्था' म्हणजे भाता. 'लोहकार'चा झाला लोहार. राजवाड्यातले शब्द बदलले, फारसी आले, इंग्रजी आले, पण लोहाराच्या शाळेतली मराठी दोन हजार वर्षे फारशी हलली नाही. आजही वर्तमानपत्रात पाणीपुरवठ्याचा प्रश्न 'ऐरणीवर' येतो. ज्याने जन्मात ऐरण पाहिली नाही तोही तसे लिहितो.

आता 'लोखंड'. ही फोड सोपी आहे, लोह आणि खंड. हिंदीने 'लोहा' एवढ्यावर भागवले. आपल्याला आणि गुजरातीला मात्र खंड जोडावासा वाटला. का, याचा माझा एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्या. तांबे १०८५ अंशांना वितळते, म्हणून ते ओतता येते. लोखंडाला १५३८ अंश लागतात आणि जुन्या मातीच्या भट्ट्यांत तेवढी आच होत नसे. त्यामुळे लोखंड कधी पातळ होऊन वाहिलेच नाही. भट्टीच्या तळाशी मळीने भरलेला, स्पंजासारखा एक गोळा बसायचा. तो तापलेला असतानाच घणाने ठोकून मळी बाहेर काढायची, मग जो खंड उरेल तेच लोखंड. पाहणाऱ्याला हा धातू नेहमी तुकड्याच्याच रूपात दिसला.

अशी भट्टी आपल्या जुन्या गावाजवळच सापडली आहे. 'आपल्या' अशासाठी म्हणतो की १९५६ साली मध्य प्रदेशाची नवी रचना होऊन राजधानी भोपाळला आली, तेव्हा सचिवालयाबरोबर नागपूरहून जी मराठी कुटुंबे इकडे आली त्यांत माझे वडीलही होते, आणि तुमच्यापैकी पुष्कळांचे वडील किंवा आजोबा असतील. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नायकुंड नावाचे गाव आहे. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. शिळावर्तुळे उभारणाऱ्या लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी निघाली, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्यांसकट. काळ इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या आसपासचा. हेच देव १९५६ साली जैन साधुसंघाच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहून बसले होते. माझ्या कपाटात तो आधी आला आणि नायकुंडची भट्टी नंतर. दोन्हींचे देव एकच, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

खंड जोडून केवढे मोठे लोखंड करता येते ते पाहायचे तर पवारांच्या धारला जा. लाट मशिदीशेजारी लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे आडवे पडले आहेत. मशीद १४०५ ची, स्तंभ त्याहून जुना; तो राजा भोजाच्या नावे सांगतात, ज्याच्या नावाशी आपण भोपाळचेही नाव जोडतो. तिन्ही तुकडे मिळून लांबी तेरा मीटरच्या वर आणि वजन सुमारे सात टन. हा ओतलेला नाही. लोखंडाचे गोळे तापवून, एकाला एक ठोकून जोडत नेलेला आहे. लाट म्हणजे खांब, मशिदीचे नावच त्यावरून पडले. आमच्या सहली मांडूला जातात आणि धारमध्ये चहा पिऊन पुढे निघतात. पुढच्या वेळी अर्धा तास काढा.

पोलादाची कथा आपल्या आणखी जवळची आहे. 'पोलाद' हा शब्द फारसीतून आला. फारसीत पूलाद आणि फूलाद अशी दोन्ही रूपे आहेत. मराठीने 'प' घेतला, हिंदीने 'फ' घेऊन फौलाद केले. मग पोलाद येण्याआधी आपण काय म्हणत होतो? जुन्या कोशांत 'तिखे' असा शब्द आहे. तीक्ष्ण म्हणजे धारेला टिकणारे, ते तिखे. रसशास्त्रातही लोहाचे तीन प्रकार आहेत, मुंड, तीक्ष्ण आणि कांत. त्यातले तीक्ष्ण ते हेच. आपल्याकडे आता फक्त मिरची तिखी राहिली.

इथून सत्तावन्न किलोमीटरवर विदिशा. ज्येष्ठांना ते भेलसा म्हणून, शिंद्यांच्या राज्यातले गाव म्हणून आठवत असेल. गावाबाहेर बेसनगरला हेलिओडोरसचा गरुडस्तंभ आहे, ज्याला तिथले लोक खांबबाबा म्हणतात. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला. तक्षशिलेहून आलेल्या एका ग्रीक वकिलाने तो उभारला. १९१३ ते १९१५ या काळात देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी, म्हणजे रामकृष्णपंतांच्या चिरंजिवांनी, तिथे खणले. दगडी खांब ओळंब्यात बसावा म्हणून त्याच्या बुडाशी धातूच्या पाचरी ठोकलेल्या निघाल्या. भांडारकरांनी त्यांचा नमुना इंग्लंडात हॅडफील्ड या पोलादतज्ज्ञाकडे पाठवला. उत्तर आले की हे खरे पोलाद आहे, कर्ब सुमारे ०.७ टक्के. दोन हजार वर्षे दगडाखाली दबलेली ती पाचर म्हणजे 'तिखे' या विसरलेल्या शब्दाचा पुरावा आहे, असे मी समजतो. सांचीला पाहुणे घेऊन जाता तेव्हा पुढे नऊ-दहा किलोमीटर जाऊन खांबबाबाही दाखवा.

मराठी मन पोलादावर इतके रमले की इंग्रजीतला 'लोखंडी' पडदा आपल्या वर्तमानपत्रांत 'पोलादी पडदा' झाला. आपल्याला साधे लोखंड पुरेसे कणखर वाटले नसावे. हिंदीचे उलट आहे. तिथे लोहा मानतात, मनवतात आणि शत्रूशी लोहा घेतात. भोपाळमध्ये वाढलेली आपली मुले सहज म्हणून जातात, "त्याने सगळ्यांशी लोहा घेतला." मराठीत दोन हात करतात, लोहा घेत नाहीत. लोखंडाचे आपल्याला चणे खावे लागतात, तेवढेच. मी मुलांना टोकत नाही. जुन्या भोपाळच्या लोहा बाजाराला मी स्वतः कधी लोखंड बाजार म्हटलेले नाही, आणि म्हटले असते तर टांगेवाल्याने भलतीकडेच नेले असते.

खरा साठा स्वयंपाकघरात होता. विळी, अडकित्ता, उलथने, सांडशी, झारा, लोखंडी पळी. फोडणी पळीतच व्हायची, आणि ती आमटीत बुडवताना होणाऱ्या चर्र आवाजाने जेवायची वेळ झाल्याचे शेजारच्या घरालाही कळायचे. घावनाचा तवा बिडाचा. 'बीड' म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कर्ब जास्त, म्हणून ते लवकर वितळते, पण हातून पडले की फुटते. ज्या घरात 'बिडाचा तवा' हा शब्द आहे तिथे तो जपून ठेवण्याची सवयही आहे. लोखंडी कढईत चिंच किंवा आमसूल घातलेली आमटी ठेवली की काळी पडायची आणि आई ओरडायची. आंबटाने कढईतले थोडे लोखंड आमटीत उतरत असे. ते चवीला वाईट, पण शरीराला उपयोगी. स्टेनलेस स्टील आणि नॉनस्टिक आले, आमटी पिवळी राहू लागली, आणि रोजचा तो चोरटा पुरवठा बंद झाला. तेवढ्यानेच रक्त कमी झाले असे मी म्हणणार नाही; कारणे अनेक आहेत. पण हेही एक.

कपड्यांच्या इस्त्रीचा या कुळाशी संबंध नाही. हा शब्द बहुतेक जाणकार पोर्तुगीजांकडे नेतात, ताणणे या अर्थाच्या त्यांच्या 'एस्तिरार' या क्रियापदाकडे. चावी, पगार, बादली ज्या वाटेने आल्या त्याच वाटेने. भोपाळात 'प्रेस' म्हणतात, आणि 'परीटघडी' हा सुरेख शब्द माझ्या नातवाला समजावून सांगावा लागला. आता मुले 'शर्ट आयर्न कर' म्हणतात. इंग्रजीत एकच शब्द खिळ्याला, कपड्याला आणि रक्ताला चालतो. आपल्याकडे तिन्हींना तीन शब्द होते, लोखंड, इस्त्री आणि लोह.

आणि इथेच मी १९९४ साली चुकलो. त्या चुकीचा हिशेब आकड्यांत मांडतो.

प्रौढ माणसाच्या अंगात सारे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते, म्हणजे दोन इंची खिळ्याएवढे. त्यातले दोन तृतीयांश रक्तात. गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत बाईला यावर सुमारे एक ग्रॅम जास्त लागते. मी दिलेल्या फेरम फॉसची शक्ती ६एक्स होती, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग औषध. दिवसाला चार-चार करून बारा गोळ्या घेतल्या तरी त्यात फेरम फॉस एक मायक्रोग्रॅमही भरत नाही. सरकारी गोळीत त्या काळी १०० मिलिग्रॅम लोह असे. फरक लाखाहून अधिक पटींचा. आमच्या शास्त्रात 'फेरम' हे औषधाच्या ओळखीचे नाव आहे. तो लोहाचा पुरवठा नव्हे. होमिओपॅथीवर माझी उपजीविका आहे, तरीही हे वाक्य मी प्रत्येक गर्भवतीला सांगतो. रक्त कमी असेल तर ते तपासून घ्यावे आणि लोहाची गोळीच घ्यावी. साखरेच्या गोळीने ते भरत नाही. काकूंनी 'यात काय असतं' असे विचारले तेव्हा हेच उत्तर द्यायला हवे होते. मी व्युत्पत्ती सांगितली.

त्या गोळीचेही एक मराठी नाव आहे, आणि ते कळले तेव्हा मला गंमत वाटली. साध्या गोळीत फेरस सल्फेट असते. त्यालाच आपण हिराकस म्हणत आलो. कापड रंगवायला, आणि हिरड्याच्या काढ्यात घालून काळी शाई करायला तो घरात असायचा. (बाजारातला हिराकस शुद्ध नसतो, तो खायचा नाही, गोळीतला शुद्ध केलेला असतो.) या शाईवरून एक गोष्ट फार चांगली समजावता येते. हिरड्यात जे तुरट द्रव्य, त्याच जातीचे चहात. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली की पोटात जवळजवळ शाईच होते. लोह त्या तुरटपणाशी बांधले जाते आणि अंगी न लागता निघून जाते. मराठी घरात सकाळची गोळी चहाबरोबर घ्यायची रीत आहे. ती मोडा. गोळी आणि चहा यांत दोन तास जाऊ द्या, आणि गोळीवर लिंबाचे सरबत प्या. आंबट इथेही कामाला येते. शौचाला काळे होईल, त्याला घाबरू नका. जे लोह अंगी लागले नाही त्याचा तो रंग असतो. पोट जड होत असेल तर गोळी बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्या.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांत आपली घरे नाहीत असे समजू नका. जेवायला सर्वांत शेवटी बसणारी बाई आपल्याकडेही आहे. अळिवाचा लाडू आपण बाळंतपणानंतर करतो. त्यात लोह चांगले असते, मग तो आधीपासून करायला काय हरकत आहे?

आता मी चिठ्ठीवर दोन वेगळ्या ओळी लिहितो. एकीत माझे औषध, दुसरीत 'लोहाची गोळी वेगळी, ती चालू ठेवणे'. समोरच्या माणसाप्रमाणे तोंडी लोह, लोखंड, लोहा, आयर्न असे सगळे शब्द म्हणतो आणि त्यांना परत बोलून दाखवायला लावतो. वेळ जातो. बाहेर बसलेले लोक कुरकुरतात.

मागच्या हिवाळ्यात ती मुलगी, १९९४ ची, पुण्याहून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मोबाइलवरचा अहवाल माझ्यापुढे धरून म्हणाली, "काका, माझं आयर्न १०.२ आहे." मी म्हणालो, "हे हिमोग्लोबिन आहे, आयर्न नव्हे. गोळी कोणती घेतेस?" ती पर्समध्ये पाकीट शोधू लागली. मागे खुर्चीत तिची आजी बसली होती. आता ऐकू कमी येते त्यांना. तरी त्यांनी काठीने नातीला हळूच टोचले आणि म्हणाल्या, "कोणतं लोखंड ते नीट विचारून घे हो यांना."